स्टोरीबोर्ड घेऊन येण्याआधी हे वाचा

ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्याकडे स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्म बनवण्याआधी तिचे क्षण ओळीनं मांडणारी चित्रं, तपासून घ्यायला येणारी बहुतेक मुलं एकच चूक करून आलेली असतात. ती निस्तरण्यात त्यांचे दोन-तीन आठवडे जातात आणि सबमिशनची तारीख तर तोंडावर असते. प्रत्येकाला तेच समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक. पहिल्या बैठकीला येण्याआधी वाचलंत तर तुमचा वेळ वाचेल आणि आमचाही.

चूक अशी: गोष्ट जुळायच्या आधीच चित्रं फायनल केलेली असतात.

फाइल उघडली की पॅनेल, म्हणजे बोर्डवरची एकेक चित्रं, देखणे असतात. शेडिंग झालेलं असतं, भिंतीची वीट न् वीट काढलेली असते, ढगांना कडा असतात. आम्ही म्हणतो, गोष्ट सांग. मूल पॅनेलवर बोट ठेवून सुरू करतं, ‘इथे हा येतो, मग हा बघतो, मग इथे क्लोजअप आहे.’ आम्ही लॅपटॉप मिटतो आणि म्हणतो, आता सांग. इथे गाडी अडते. मुलं हुशार असतात, हातही चांगला असतो. पण ज्या चित्रावर तीन तास घालवले ते काढून टाकायला मन धजत नाही आणि मग चित्र वाचवण्यासाठी गोष्ट वाकवली जाते. हे आम्ही इतक्यांदा पाहिलं आहे, की आता पहिल्या बैठकीत फायनल पॅनेल बघतच नाही. काहींना याचा राग येतो. ‘एवढं काढून आणलं आणि तुम्ही पाहिलंही नाही,’ असं एका पालकांनी आम्हाला ऐकवलं होतं. त्यांचं वाईट वाटणं आम्हाला समजतं. पण आम्ही ते पॅनेल पाहून ‘छान आहे’ म्हणालो असतो, तर त्यांच्या मुलाला पुढे जास्त सोसावं लागलं असतं.

एक उदाहरण सांगतो, त्या मुलीच्या परवानगीनं. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, ७५ सेकंदांची फिल्म, टॅब्लेटवर काढलेले ६४ पॅनेल. विषय होता सार्वजनिक नळ. पहाट होते, गजर वाजतो, मुलगा उठतो, दात घासतो, बादली घेतो, रांगेत उभा राहतो, नंबर येतो तेव्हा पाणी जातं, मुलगा परततो. दात घासण्याला चार पॅनेल होते आणि चारही सुरेख होते.

आम्ही तिला घटना कागदावर एकाखाली एक लिहायला लावल्या आणि दोन घटनांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते विचारलं. ‘म्हणून’ बसतो, ‘पण’ बसतो की नुसतं ‘आणि मग’? या धंद्यातली ही जुनी, सगळ्यांच्या वापरातली कसोटी आहे. तिच्या कागदावर वरपासून खालपर्यंत ‘आणि मग’ आलं. म्हणजे तिच्याकडे एका सकाळचा वृत्तांत होता, गोष्ट अजून व्हायची होती. मुलाला काय हवं आहे, हे विचारल्यावर ती म्हणाली, पाणी. पाणी तर रांगेतल्या सगळ्यांनाच हवं आहे. ह्याला इतरांपेक्षा वेगळं काय हवं आहे? बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, ‘त्याला आज पहिला नंबर हवाय.’

तिथून गोष्ट धावायला लागली. त्याला पहिला नंबर हवा, म्हणून तो रात्रीच रांगेत बादली ठेवून येतो. बादली ओळखू यावी म्हणून तिच्यात घरातला जुना पंचा टाकतो. पण पहाटे येऊन बघतो तर पंच्यावर मांजरीनं पिल्लं घातलेली. पाणी येतं, मागची माणसं ओरडतात, म्हणून तो एकाला पुढे जाऊ देतो. मग दुसऱ्याला. असं करत करत पहिल्या नंबरची बादली शेवटी जाते आणि नळ आटतो. मुलगा बादली दोन्ही हातांनी, डुचमळू नये अशी जपून उचलतो आणि घरी नेतो.

यातला पंचा लक्षात घ्या. या नव्या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात पंचा नव्हता, मांजर उगीचच येऊन बसली होती. रांगेत चौदा भांडी असताना मांजरीनं हीच बादली का निवडली, असं विचारल्यावर पंचा आला. मुलाच्या स्वतःच्या कृतीतूनच त्याची अडचण उभी राहिली, म्हणून प्रेक्षक ती मान्य करतो. गोष्टीचा विकास म्हणतात तो हाच. नवे प्रसंग वाढवत बसावं लागत नाही, जे आहे त्यालाच कारण सापडतं.

दात घासण्याचे चारही पॅनेल गेले. गजर गेला, खिडकी गेली. ६४ पैकी ११ पॅनेल टिकले आणि तेही पुन्हा काढावे लागले. ती रडली नाही, पण तिचे तीन आठवडे गेले होते. हीच गोष्ट तिनं चिकटचिठ्ठ्यांवर काड्यांच्या माणसांनी मांडली असती, तर एका दुपारचं काम होतं.

आता एक शॉट जवळून बघू, कारण ‘स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्टीची चित्रं’ हा समज इथे सुटतो. मुलगा बादलीत बघतो तो क्षण. तिनं पहिल्यांदा काढलं होतं ते वरून: बादली, आत पिल्लं, बाजूला मुलाचं डोकं. सगळं एका चित्रात दिसतं आणि म्हणूनच काही घडत नाही. आम्ही विचारलं, आधी कोणाला कळायला हवं, मुलाला की प्रेक्षकाला? ती म्हणाली, मुलाला. मग कॅमेरा बादलीच्या तळाशी गेला. काळोखात गोल काठ, काठाच्या वर पहाटेचं फिकं आभाळ आणि त्या गोलात वाकून आलेला मुलाचा चेहरा. तो चेहरा दीड सेकंद तसाच. आवाज फक्त बारीक चूं-चूं. पुढच्या पॅनेलमध्ये पिल्लं. फिल्मच्या शेवटी घरी पोचल्यावर पुन्हा तोच गोल काठ आणि त्यात या वेळी आईचा चेहरा. फिल्म तिथेच संपते. या शॉटचं थंबनेल, म्हणजे छोटं कच्चं चित्र, काडेपेटीएवढं होतं आणि त्यात एक वर्तुळ, दोन ठिपके आणि एक रेघ एवढंच होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते लगेच कळलं.

दिशेचंही असंच. घर पडद्याच्या डावीकडे, नळ उजवीकडे, हे तिनं आधी ठरवून टाकलं. त्यामुळे बादली एकेक नंबर मागे सरकते तेव्हा ती डावीकडे, म्हणजे घराकडेच सरकत असते. मध्येच कॅमेरा रांगेच्या पलीकडे नेला असता तर डावं-उजवं उलटलं असतं आणि मुलगा नळाकडे चालला आहे असं वाटलं असतं. कॅमेरा एकाच बाजूला ठेवायचा हा १८० अंशांचा नियम तुम्हाला कॉलेजात शिकवलेला असतो. तो पाळायचा असतो तो एवढ्यासाठी.

चिकटचिठ्ठ्या आणि टाचण्यांचा आमचा आग्रह काहींना जुनाट वाटतो. स्टोरीबोर्डची पद्धत आजच्या रूपात रुळली ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत. चित्रं सुट्या कागदांवर काढून भिंतीवरच्या फळीला टाचायची. बोर्ड हा शब्द त्या फळीवरूनच आला. सुट्या कागदाचा फायदा साधा आहे: मधलं एक काढलं, दोन जागा बदलल्या, तरी बाकीचं शाबूत राहतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. तीही सुट्या चित्रांची पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात-बोलत कथा पुढे न्यायची. कुठलं चित्र किती वेळ धरायचं हे सांगणाऱ्याच्या हातात. जमलं तर एकदा पिंगुळीला जाऊन या. टायमिंग म्हणजे काय ते तिथे डोळ्यांदेखत दिसतं. आम्ही तुम्हाला बोर्डसमोर उभं करून गोष्ट मोठ्यानं सांगायला लावतो, त्याचं कारणही हेच. सांगताना जिथे तुम्ही अडखळता किंवा ‘म्हणजे काय होतं की’ म्हणून खुलासा करू लागता, तिथे पॅनेल कमी आहे किंवा गोष्ट कच्ची आहे. लाजू नका, समोर आम्ही चौघंच असतो.

थंबनेल जुळले की लगेच ॲनिमॅटिक. म्हणजे तीच कच्ची चित्रं वेळेवर बसवायची आणि फोनवर स्वतःच्या आवाजात संवाद, आवाज भरायचे. हिशेब करून बघा. सेकंदाला २४ फ्रेम, तर ७५ सेकंदांच्या १,८०० फ्रेम झाल्या. एक चित्र दोन फ्रेमवर धरलं तरी एका हलणाऱ्या पात्राची ९०० चित्रं. चार सेकंदांचा एखादा शॉट नको असं ॲनिमॅटिकमध्ये कळलं तर तो काढायला पाच मिनिटं लागतात. ॲनिमेशन झाल्यावर कळलं तर ४८ चित्रं कचऱ्यात जातात, शिवाय रंग आणि बॅकग्राउंड वेगळं. कॉलेजची शेवटच्या वर्षाची फिल्म अर्धी राहते ती बहुतेक वेळा याच कारणानं.

काही बारीक गोष्टी, पटकन. एकाच शॉटमधल्या वेगवेगळ्या पोझना नवा शॉट क्रमांक देऊ नका: शॉट ७ चे पॅनेल ७अ, ७ब, ७क. नाहीतर शॉटची मोजणी फुगते आणि लेआउट करणारा गोंधळतो. पात्राच्या हालचालीचा बाण चित्राच्या आत पात्राजवळ काढा, कॅमेऱ्याचा बाण चौकटीला धरून काढा. दोन्ही एकाच रंगात, एकाच जाडीनं काढले की कोण हललं तेच कळत नाही. चौकटीचं प्रमाण पहिल्या दिवशी ठरवा, बहुतेकांना १६:९ लागतं. चौकोनी चिठ्ठीवर वर-खाली रेघ मारून तीच चौकट आखून घ्या.

पालक हमखास विचारतात, सॉफ्टवेअर किती शिकवता? बोर्डसाठी आम्ही एकच शिकवतो आणि तेही पाचव्या आठवड्यात. ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, क्रिता, स्टोरीबोर्डर ही तिन्ही मोफत आहेत, यापैकी जे तुमच्या संगणकावर नीट चालेल ते घेऊ. मोठ्या स्टुडिओंमध्ये टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो वापरलं जातं. ज्याला बोर्ड कळतो त्याला तिथले मेन्यू शिकायला फार वेळ लागत नाही. आमच्या बॅचसाठी नवा टॅब्लेट घेऊ नका. घेतलेला असेल तर उत्तमच, पण पहिले चार आठवडे तो घरी राहू द्या.

‘माझं ड्रॉइंग चांगलं नाही, चालेल का?’ चालेल. माणूस उभा आहे की बसला आहे, कुठे बघतो आहे आणि चौकटीत केवढा दिसतो, एवढं तुमच्या रेघेतून कळलं की सुरुवातीला पुरे. हात सुधारण्यासाठी रोज वीस मिनिटं बाहेर बसून माणसं काढा. एसटी स्टँडसारखी जागा नाही.

अलीकडे काही जण संगणकाला सांगून तयार केलेले पॅनेल आणतात. आमचा अनुभव असा, की असे पॅनेल सुटे बघितले तर झगमगीत असतात, पण ओळीनं लावले की बादली कधी या हातात, कधी त्या हातात, आणि कॅमेरा तिथे का आहे याचं उत्तर मुलाकडे नसतं. ते उत्तर शोधायलाच तर तुम्ही आमच्याकडे येता. म्हणून असे पॅनेल आम्ही तपासायला घेत नाही.

अहमदाबादची एनआयडी किंवा मुंबईची आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांसाठी पोर्टफोलिओ करणाऱ्यांनी आपले कच्चे थंबनेल, खोडलेले, काढून टाकलेले सगळे जपून ठेवावेत. तुम्ही विचार कसा केलात हे त्यातून दिसतं आणि मुलाखतीत बोलायला हातात काहीतरी राहतं.

आमच्याकडे दोन सोयी आहेत. एक, आठ आठवड्यांची शनिवार-रविवारची बॅच. तीत प्रत्येक जण स्वतःची एक गोष्ट ओळीपासून ॲनिमॅटिकपर्यंत नेतो. बॅचमध्ये आठच जण घेतो, कारण प्रत्येकाचा बोर्ड भिंतीवर लागायला जागा हवी आणि प्रत्येकाला दर आठवड्याला उभं राहून सांगता यायला हवं. दोन, ज्यांची फिल्म आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी तीन बैठका: पहिली गोष्टीची, दुसरी थंबनेलची, तिसरी ॲनिमॅटिकची. तिन्हींची फी एकदम घेतो. ‘फक्त शेवटची बैठक द्या’ अशी विनंती नेहमी येते, ती आम्ही मान्य करत नाही. तिसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीतली चूक सापडली तर तुमचे पैसे जातात आणि आम्हाला ते घेताना बरं वाटत नाही.

पहिल्या बैठकीला येताना गोष्ट एका वाक्यात लिहून आणा: कोण, त्याला काय हवं, आडवं काय येतं. पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल एवढंच. शेवट सुचलेला असेल तर तोही, नसेल तर आपण शोधू. मऊ पेन्सिल, जाड काळं स्केचपेन आणि चिकटचिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. फायनल पॅनेल काढले असतील तर ते घरीच ठेवा, टाकून देऊ नका, तिसऱ्या बैठकीला लागतील. फळी आणि टाचण्या आमच्याकडे आहेत.