सावलीपुरता शेजार

कायो सांतियागो हे कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्यालगतचं जेमतेम ३८ एकरांचं बेट. तिथली सगळी लाल तोंडाची माकडं मूळची आपल्याकडची. १९३८ साली क्लॅरन्स कार्पेंटर या अमेरिकी माकड-अभ्यासकाने भारतातून सुमारे चारशे माकडं जहाजाने नेऊन तिथे सोडली. वैद्यकीय प्रयोगांना माकडं मिळावीत आणि कळपाचं वागणंही मोकळ्यावर पाहता यावं, असा दुहेरी हेतू होता.

बेटाला खरी किंमत आली ती नोंदींमुळे. १९५६ पासून संशोधक स्टुअर्ट आल्टमन यांनी माकडांवर खुणा गोंदून त्यांची खानेसुमारी सुरू केली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत आपल्या पिढ्या सापडतात, तशा इथे माकडांच्या सापडतात. शिवाय कोण कोणाच्या उवा काढतं, कोण कोणाला चावतं, हेही टिपलेलं.

ही जात भांडखोर. आजी, आई, मावश्या असा माद्यांचा गोतावळा. लेकीचा मान आईच्या मानावर ठरतो. वरचढाच्या जागेवर कोणी सहसा बसत नाही.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने बेटावरचा ६३ टक्के झाडोरा नेला. माकडं बहुतेक वाचली, पण डोक्यावर सावली उरली नाही. दाणापाणी माणसं पुरवतात. त्यामुळे टंचाई होती ती सावलीचीच. पारा ४० अंशांवर, आणि वाळक्या खोडाच्या पट्टीएवढ्या सावलीत एकामागे एक बसलेली माकडं.

संकटात जो तो आपल्या जिवलगांना धरून राहील, असं कोणालाही वाटलं असतं. या माकडांचा अभ्यास करणाऱ्या कामिल टेस्टार्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं ते वेगळंच. जुनी नाती घट्ट करण्याऐवजी माकडांनी नव्या ओळखी जोडल्या, बरेचदा सोबत्याच्या सोबत्याशी. पूर्वी जी एकलकोंडी होती, ती यात पुढे. २०२४ च्या अभ्यासात याचा हिशेबही लागला: इतरांना जवळ बसू देणाऱ्या माकडांचा मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी. वादळाआधी या गुणाचा जगण्यामरण्याशी संबंध दिसत नव्हता.

याला मैत्री म्हणायचा मोह होतो. मला शेजार हा शब्द बरा वाटतो. त्यात जीव लावावा लागत नाही, सरकून जागा द्यावी लागते. तरी एक नोंद या शब्दातही नीट मावत नाही. सकाळी, ऊन चढायच्या आधी, सावलीची गरज नसतानाही ती एकमेकांजवळ बसू लागली होती.