छोट्या फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही : बर्फाळ रस्त्यावरील चालन

साधारण साडेचार मीटरच्या आतल्या, उंच बांधणीच्या आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळू शकेल अशा मोटारींचे भुसभुशीत, दाबलेल्या किंवा गोठलेल्या बर्फावरील वर्तन. सुझुकी जिम्नी, लाडा निवा, सुरुवातीची सुबारू फॉरेस्टर, भारतातील ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप (चारचाकी चालनाची) आवृत्ती ही या वर्गातील परिचित नावे.

वर्गाचा उगम कोणत्या गाडीपासून धरावा याबद्दल एकमत नाही. चारही चाके चालवण्याची कल्पना जुनी आहे. पेट्रोल मोटारीतले तिचे पहिले उदाहरण बहुधा हॉलंडच्या स्पायकर कंपनीची १९०३ च्या सुमाराची शर्यतीची गाडी. मात्र लहान आकार आणि हिमप्रदेशातील रोजचा वापर या दोन कसोट्या लावल्या, तर तीन दावेदार उरतात. पहिली जिम्नी. होप मोटर या लहान जपानी कंपनीचा ओएन ३६० हा आराखडा सुझुकीने विकत घेतला आणि १९७० मध्ये ३५९ घ.सें.मी.च्या टू-स्ट्रोक इंजिनाची एलजे१० बाजारात आणली. जपानच्या केइ या छोट्या मोटारींच्या वर्गाची तीन मीटर लांबीची मर्यादा पाळण्यासाठी स्टेपनी मागे न टांगता आत घेतली, त्यामुळे आसने तीनच राहिली. दुसरा दावा सुबारूचा. डोंगरातील वीजवाहिन्यांपर्यंत हिवाळ्यात पोचेल अशी, पण जीपपेक्षा सुखावह गाडी तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीला हवी होती. मियागी येथील सुबारू विक्रेत्याने एफएफ-१ गाडीला निसान ब्लूबर्डचा मागचा अॅक्सल (चाकांची जोडी जोडणारा आस) बसवून नमुना तयार केला. १९७२ ची लिओन फोर-व्हील ड्राइव्ह त्यातूनच आली. तिसरी रशियाची व्हाझ-२१२१ निवा (१९७७) : कायम चारचाकी चालन, लॉक होणारे मधले डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी), लो रेंज (कमी वेग, जास्त ओढ देणारे गिअर) आणि वेगळ्या चॅसीविना एकसंध बॉडी. जिम्नी ही मुळात छोटी जीप आणि लिओन ही स्टेशन वॅगन. आजच्या गाड्यांशी जवळचे नाते निवाचेच दिसते. टोयोटा रॅव्ह४ (१९९४) किंवा होंडा सीआर-व्ही (१९९५) पासून इतिहास सुरू करणारे यंत्रणेपेक्षा बाजारपेठेचा विचार करतात.

बर्फावर गाडी काय करील हे आधी घर्षण ठरवते. टायर आणि कोरडे डांबर यांमधील घर्षणांक (पकड किती हे सांगणारा आकडा) ०.७ ते ०.९, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, तर गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ जास्त निसरडा. ताशी ४० किमी वेगातून थांबायला घर्षणांक ०.८ असता सुमारे ८ मीटर लागतात, ०.२ असता ३१ मीटर आणि ०.१ असता ६३ मीटर; चालकाला ब्रेकवर पाय नेण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. फोर-व्हील ड्राइव्हने या आकड्यांत फरक पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात. सपाटीवर गाडीच्या वजनानेही फरक पडत नाही.

फायदा दिसतो तो चढावर. घर्षणांक ०.२ असताना चारही चाके ओढणारी गाडी तत्त्वतः सुमारे २० टक्के चढ चढते. पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असलेली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी ११ टक्क्यांच्या आसपास अडकते, कारण चढावर वजन मागे सरकून ओढणारी चाकेच हलकी होतात. धोका नेमका येथे आहे. चढून गेलेली गाडी त्याच उतारावर परत येते तेव्हा सारे घर्षण तिला धरून ठेवण्यातच खर्ची पडते, वळवायला काही शिल्लक राहत नाही.

यंत्रणा मुख्यतः तीन प्रकारच्या. पार्ट-टाइम पद्धतीत (जिप्सी, जिम्नी) मधले डिफरन्शियल नसते. ४एच (चारही चाके, नेहमीचे गिअर) टाकले की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) एकाच गतीने फिरतो. बर्फावर हे उत्तम, कारण एका अॅक्सलची चाके नुसती फिरत राहिली तरी दुसरा ओढतो. पण वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. ती तफावत चाके घसरूनच भरून निघते. अर्धा रस्ता बर्फाचा आणि अर्धा कोरडा असेल तेथे शाफ्टमध्ये पीळ साठतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. अशा वेळी २एच मध्ये (दोनच चाकांच्या चालनात) यावे. गिअर सुटत नसेल तर थोडे सरळ किंवा मागे घेतल्यावर पीळ निघतो. तीव्र उतारावर ४एल (चारही चाके, लो रेंज) उपयोगी. मात्र गोठलेल्या थरावर पहिल्या गिअरचे इंजिन ब्रेकिंगही चाके घसरवू शकते, तेव्हा दुसरा गिअर बरा.

ऑन-डिमांड पद्धतीत एरवी पुढचीच चाके ओढतात. पहिल्या सीआर-व्हीत दोन हायड्रॉलिक पंपांच्या गतीतील फरकावरून क्लच दाबला जाई, म्हणजे पुढचे चाक घसरल्याशिवाय मागचे जागे होत नसे. बर्फाळ वळणावर याचा अर्थ असा : नाक आधी बाहेर जाते, मग मागची चाके एकदम पकडतात आणि शेपूट झटका देते. नव्या इलेक्ट्रॉनिक क्लचमध्ये हा विलंब बराच कमी झाला आहे. स्नो किंवा लॉक मोडमध्ये क्लच आधीच दाबलेला असतो, म्हणून मोड चढ लागण्यापूर्वी निवडावा, अडकल्यावर नव्हे. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे निवा आणि सुबारूच्या बहुतेक गाड्यांतील कायमस्वरूपी चालनात, विलंबाचा हा प्रश्न फारसा येत नाही.

एका पुढच्या आणि एका मागच्या चाकाखाली बर्फ आला तर साध्या डिफरन्शियलची कोणतीही गाडी थांबते. त्यावर ब्रेक एलएसडी (ब्रेकच्या साहाय्याने चाकाचे घसरणे रोखणारी यंत्रणा) हा उपाय : नुसत्या फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि ताकद पलीकडच्या चाकाकडे जाते. त्याला काम करायला दोन-तीन सेकंद अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर दाबून ठेवावा लागतो. चाक फिरताना दिसताच पाय काढणे ही नेहमीची चूक. खोल बर्फात मात्र ट्रॅक्शन कंट्रोल (चाकांचे घसरणे रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) इंजिनाची ताकदच तोडते. तेथे ते बंद करून गाडी पुढे-मागे झुलवावी. बर्फाची खोली ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची; जिम्नीत २१० मिमी) वाढली की पोट टेकते, चाके लोंबकळतात आणि फावड्याशिवाय इलाज नसतो.

जिम्नीचे अरुंद टायर पातळ, ओल्या बर्फातून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतात. तीन-दरवाजी गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,२५० मिमीच असल्याने ती चटकन गिरकी घेते. पाच-दरवाजी (२,५९० मिमी) थोडी शांत.

टायरचा परिणाम यंत्रणेपेक्षा मोठा. साधे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जाते; तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह असलेले टायर थंडीतही मऊ राहतात. नुसत्या एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) खुणेवर विसंबू नये. खिळ्यांचे टायर गोठलेल्या बर्फावर प्रभावी, पण त्यांनी डांबर खरवडून उडणाऱ्या धुळीमुळे जपानने १९९० मध्ये त्यांविरुद्ध कायदा केला. त्यानंतर साप्पोरोत नवीच अडचण आली : बिनखिळ्यांच्या टायरांनी चौकाचौकांतला बर्फ घासून आरशासारखा केला.

भारतात हिवाळी टायर दुर्मिळ, म्हणून भिस्त साखळ्यांवर. बर्फवृष्टीनंतर मनाली–सोलंग–अटल बोगदा आणि टंगमर्ग–गुलमर्ग मार्गांवर बरेचदा फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच सोडतात. फ्रंट-व्हील ड्राइव्हवर आधारलेल्या गाडीत साखळ्या पुढच्या चाकांना, इतरांत वाहनपुस्तिकेप्रमाणे. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणाव्यात. सैल साखळी ब्रेकच्या होजला मारते. फक्त पुढे साखळ्या असतील तर उतारावर ब्रेक दाबताच मागचा भाग पुढे यायला बघतो. महाराष्ट्रातून गाडी नेणाऱ्यांनी टायरमधील हवाही तपासावी : तापमान ३० अंशांनी उतरले की दाब सुमारे ५ पीएसआयने घटतो.

दिवसा डोंगरातून झिरपलेले पाणी सूर्यास्तानंतर सावलीच्या वळणांवर आणि पुलांवर गोठते. हा थर पारदर्शक असल्याने ओल्या डांबरासारखाच दिसतो. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी गोठलेला सापडतो.

दोन मोटर असलेल्या विजेच्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट नसतो आणि पुढची-मागची ताकद अत्यंत वेगाने बदलता येते. त्यांचे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरनेच वेग कमी करून वीज परत मिळवणे) निसरड्या उतारावर कमी पातळीवर ठेवावे, कारण अॅक्सिलरेटर सोडताच चाकांवर ब्रेक लागल्यासारखा परिणाम होतो.