शस्त्र नाकारणारे घरी सुरक्षित बसले होते का?

वर्षानुवर्षे एक मजकूर फिरतो: ‘युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे शांततावादी जीव वाचवून घरी बसले.’ असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण युद्धाच्या गोष्टींत बहुधा बंदूकच दिसते. पण ते खरं नाही.

ब्रिटनमध्ये १९१६च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यातच सदसद्विवेकबुद्धीने लढायला नकार देण्याची तरतूद होती. तुरुंग पत्करणारे होते, तसे रुग्णसेवेत जाणारेही. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत पॅराशूटने उतरलेल्या ब्रिटिश वैद्यकीय पथकांत असे स्वयंसेवक होते. जवळ बंदूक नाही, फक्त मलमपट्टीचं सामान. काही जण वाऱ्याने भलतीकडे, डीव्ह नदीच्या पाणथळ भागात पडले. काहींना जर्मनांनी पकडलं.

‘रेडक्रॉसचा पट्टा असला की पकडत नाहीत’, हाही गैरसमजच. जखमी आणि आजारी सैनिकांविषयीच्या १९२९च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सेवकांना युद्धकैदी मानायचं नव्हतं, परत पाठवायचं होतं. प्रत्यक्षात अनेकांना छावणीतच ठेवलं गेलं आणि तिथेही ते आजारी कैद्यांची शुश्रूषा करत राहिले. मला हे धैर्य लढणाऱ्याच्या धैर्याहून कमी वाटत नाही.

पडताळायचं असेल तर कराराचं नववं आणि बारावं कलम वाचा, दोन्ही इंटरनेटवर खुली आहेत. युद्धस्मशानांच्या ऑनलाइन नोंदींत मृताचं दल आणि तारीख असते. तिथे वैद्यकीय दल निवडून जून १९४४ शोधा.