बाळंतपणाला माहेरी येणारी मुशी

कराडच्या मासळी बाजारात चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून आलेली मासळी सकाळी बर्फातून बाहेर निघते, तेव्हा पापलेट-सुरमईच्या शेजारी कधी कधी हातभर लांबीची करडी मुशी, म्हणजे छोटा शार्कही दिसतो. गेल्या हिवाळ्यात विक्रेत्या मावशींनी अशीच एक मुशी तोलण्यासाठी उताणी केली आणि तिच्या छातीवर, दोन्ही बाजूंच्या परांच्या मधोमध, अर्धवट भरून आलेली एक छोटी चीर दिसली. ‘‘बेंबी हाय ती, कोवळं पिल्लू हाय,’’ मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. शार्कच्या अनेक जाती आईच्या पोटात नाळेने पोसल्या जातात आणि जन्मानंतर काही आठवडे ही खूण अंगावर राहते. संशोधकही नवजात पिल्लू ओळखण्यासाठी हीच खूण पाहतात. ती खूण असलेले पिल्लू जिथे सापडते तिथून त्याचे जन्मस्थान फार लांब नसते, आणि मला वाटते, शार्कविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे की ते नेमके कुठे जन्मते आणि पहिली काही वर्षे कुठे काढते.

आपल्या मनातला शार्क अथांग समुद्रात भटकणारा असतो. काही जातींबाबत ते खरेही आहे. परंतु उष्ण कटिबंधातील बेटांभोवती राहणाऱ्या बऱ्याच शार्कांचे आणि पाकट माशांचे आयुष्य ठरावीक जागांशी घट्ट बांधलेले असते. याचा सर्वांत तपशीलवार अभ्यास झालेले ठिकाण म्हणजे बहामातील बिमिनी हे फ्लोरिडाजवळचे छोटे बेट. शार्क-संशोधक सॅम्युएल ग्रूबर यांनी १९९० साली तेथे संशोधन केंद्र उभारले. तेथील खाजणात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आडोशाच्या उथळ पाण्यात, लेमन शार्कची पिल्ले पकडून, त्यांच्या अंगात ओळखचिप बसवून आणि परांचा लहानसा तुकडा डीएनए तपासणीसाठी घेऊन त्यांना पुन्हा पाण्यात सोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे त्याच खाजणात सापडणाऱ्या नव्या पिल्लांचा डीएनए जुन्या नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा १९९३ ते १९९७ या काळात तेथे जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्ले घालण्यासाठी त्याच खाजणात परतल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. मधली वर्षे त्या कुठेही फिरल्या असोत, बाळंतपणाला त्या माहेरी आल्या. पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या मोरेआ बेटावर तर परांची टोके काळी असणाऱ्या रीफ शार्कच्या काही माद्या सुमारे ५० किलोमीटर खुला समुद्र ओलांडून तेतियारोआ या दुसऱ्या बेटावर पिल्ले घालायला जातात, हेही डीएनएवरूनच कळले.

मोठ्या देहाच्या या माद्यांना गुडघाभर पाण्याचीच ओढ का असावी, याचे उत्तर पिल्लांच्या शत्रूंमध्ये आहे. लहान शार्कला सर्वाधिक भीती मोठ्या शार्कची असते, अनेकदा स्वतःच्याच जातीच्या. बिमिनीतील पिल्ले भरतीच्या वेळी, म्हणजे मोठ्या शार्कना आत येण्याइतके पाणी चढते तेव्हा, खारफुटीच्या मुळांच्या जाळीत शिरतात आणि ओहोटीला पुन्हा उघड्या उथळ पाण्यात येतात. हवाईच्या ओआहू बेटावरील कानेओहे उपसागरात हातोडीच्या आकाराचे डोके असलेल्या शार्कची पिल्ले दिवसा गढूळ पाण्याचा आडोसा धरतात. या आडोशांना किती मोल आहे हे बिमिनीतच कळले, कारण तेथे पर्यटन प्रकल्पासाठी खाजणाचा तळ उपसल्यानंतर पहिले वर्ष पार करणाऱ्या लेमन शार्क पिल्लांचे प्रमाण घटल्याची नोंद झाली.  

पाकट माशांची गरज वेगळी, ती वाळूची. चपट्या अंगाचा पाकट वाळूत स्वतःला पुरून घेतो तेव्हा डोळे आणि त्यांच्यामागची दोन छिद्रे एवढेच वर राहते, आणि त्या छिद्रांतून तो श्वासाचे पाणी आत ओढतो. भूक लागली की तोंडातून पाण्याचा फवारा मारून तो वाळू उडवतो आणि पुरलेले खेकडे व शिंपले बाहेर काढतो. ते शोधताना डोळ्यांचा उपयोग नसतो, कारण तोंड पोटाच्या बाजूला असते. भक्ष्याच्या शरीरातील क्षीण विद्युतप्रवाह टिपणारी सूक्ष्म इंद्रिये तेथे कामी येतात. ओहोटीनंतर वाळूत दिसणारे उथळ खड्डे बऱ्याचदा या जेवणाचेच असतात.

वाढलेले शार्क प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या उतारावर आणि खाजणाला समुद्राशी जोडणाऱ्या अरुंद खिंडींत जातात. फ्रेंच पॉलिनेशियातीलच फाकारावा या कंकणद्वीपाच्या, म्हणजे खाजणाभोवती कड्यासारख्या पसरलेल्या बेटाच्या, दक्षिण खिंडीत शेकडो ग्रे रीफ शार्क एकत्र असतात. त्यांचे तेथले वागणे समजून घ्यायला सातारकरांना पाचगणीच आठवावी. टेबललँडच्या कड्यावर आदळलेला वारा वर चढतो आणि त्या उचलीवर पॅराग्लायडर तरंगत राहतात. फाकारावाच्या खिंडीतही भरती-ओहोटीचा प्रवाह तळाच्या उतारावर आदळून वर उचलला जातो आणि शार्क त्या उचलीवर अंग टाकून राहतात. रांगेच्या पुढच्या टोकाला पोहोचलेला शार्क प्रवाहाबरोबर पाठीमागे वाहत जाऊन पुन्हा जिथून निघाला तिथे येतो. यात त्यांची किमान १० ते १५ टक्के शक्ती वाचते, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे खिंड निवडताना जवळच्या खाद्याइतकाच पाण्याचा आधारही मोलाचा ठरत असावा.

हे सारे पाहायला माणूस दिवसरात्र पाण्याखाली बसू शकत नाही. त्यासाठी शार्कच्या पोटात शस्त्रक्रियेने ध्वनिसंदेश देणारे छोटे यंत्र बसवतात आणि तळावर ठेवलेले रिसीव्हर काहीशे मीटरच्या परिघातून जाणाऱ्या प्रत्येक शार्कची वेळ नोंदवतात. दुसरी रीत म्हणजे आमिषासमोर ठेवलेला कॅमेरा. ५८ देशांतील ३७१ प्रवाळभिंतींवर असे कॅमेरे लावले गेले, तेव्हा जवळपास २० टक्के भिंतींवर एकही शार्क दिसला नाही. २०२० साली आलेला हा निष्कर्ष मला आजही अस्वस्थ करतो.

आपल्याकडे हा विषय लक्षद्वीपचा आहे. तेथील जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि खाजणांचे पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. नकाशावर ठिपक्यांएवढ्या दिसणाऱ्या त्या बेटांच्या कडेने, घोटाभर पाण्यात, काळ्या टोकाचे पर पाण्याबाहेर काढून रीफ शार्कची पिल्ले किनाऱ्याला समांतर फिरतात. या जातीच्या मादीला एका वेळी साधारण दोन ते पाचच पिल्ले होतात, आणि नवजात पिल्लाच्या छातीवर, परांच्या मधोमध, कराडच्या बाजारात पाहिलेली तीच चीर असते.