कापूर, तेलाचं बोट आणि ब्राउनश्वाइगची ॲग्नेस

परातीत पाणी घ्या. परात आधी साबणाने घासून, साबणाचा अंशही उरणार नाही इतकी खळखळून धुतलेली हवी. देवघरातल्या कापराची वडी फोडून तिचा मोहरीएवढा कण या पाण्यावर सोडला, की तो गिरक्या घ्यायला लागतो. मध्येच सुटून काठाकडे धावतो, अडखळतो, उलटा फिरतो. आता डोक्याला तेल चोळलेल्या हाताचं एक बोट पाण्याला नुसतं टेकवा. कापूर थबकतो. पाण्यात डोळ्यांना दिसेल असा फरक काहीच झालेला नसतो.

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेला असतो. कापूर थोडाथोडा विरघळतो आणि आपल्याभोवतीचा हा ताण उतरवतो. पण कण ओबडधोबड असल्यामुळे सगळ्या बाजूंनी सारखा उतरवत नाही. रस्सीखेचीत एका बाजूची माणसं ढिली पडली की दोर दुसरीकडे सरकतो, तसाच कण जास्त ताणाच्या दिशेला ओढला जातो. बोटावरचं तेल पृष्ठभागभर पसरलं की ताण सगळीकडेच उतरतो. मग कापराला ओढणार कोण?

हा खेळ लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानेही खेळला, फक्त त्याने तेल तोलून घेतलं. कापूर थांबवायला किती ऑलिव्ह तेल पुरतं, हे त्याने 1890 मध्ये मोजलं. भलंमोठं आंघोळीचं पात्र, त्यात पाणी, आणि तेल एक मिलिग्रॅमहूनही कमी! तेलाच्या घनफळाला पाण्याच्या क्षेत्रफळाने भागल्यावर थराची जाडी निघाली मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या दीडपटीहून जरा जास्त. म्हणजे जवळजवळ रेणूच्याच मापाची. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग दिसतात, कारण तो तवंग याच्या शेकडो पट जाड असतो. रॅलेच्या थराला रंग नसतो, त्याची खबर फक्त कापूर देतो. (बेंजामिन फ्रँकलिनने एका तळ्यावर चमचाभर तेल ओतून अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी शांत केलं होतं आणि 1774 मध्ये ते छापलंही. त्याने तेव्हा हाच भागाकार केला असता, तर रेणूचा अंदाज शंभरेक वर्षं आधी लागला असता.)

पण मला या गोष्टीत रॅलेपेक्षा जास्त ओढ वाटते ती ॲग्नेस पॉकेल्सची. जन्म 1862, व्हेनिसमध्ये, वडील तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्यात. वडिलांची प्रकृती ढासळल्यावर कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. मुलींच्या शाळेत तिला भौतिकशास्त्राची गोडी लागली, पण विद्यापीठाचं दार बायकांना बंद होतं. धाकटा भाऊ फ्रीडरिश भौतिकशास्त्र शिकायला गेला, ती घरी आजारी आईवडिलांचं करत राहिली. स्वयंपाक, भांडी, औषधपाणी.

तेलकट भांडी घासताना पाण्यावर तवंग येतो, हे कोणाला माहीत नाही? आमटीवर तर तो रोजच दिसतो. ॲग्नेसने विशीतच त्याचं मापन सुरू केलं. पत्र्याचं एक लांबट पन्हाळं घेतलं, 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, 2 खोल, आणि ते काठोकाठ भरलं. त्यावर आडवी पत्र्याची पट्टी टेकवली, तिची खालची बाजू पाण्याला लागेल अशी. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा मळ तिच्यापुढे गोळा होतो आणि मागे स्वच्छ पाणी उरतं. एका तराजूला बारीकशी चकती टांगून ती पाण्यावर ठेवायची आणि सुटायला किती वजन लागतं ते बघायचं, तेवढा तिथला ताण. पट्टी पुढे ढकलत, थराची जागा आकसत नेली, तर बराच वेळ ताण बदलतच नाही. मग एका ठरावीक जागेपाशी तो एकदम घसरतो. विरळ पांगलेले रेणू तिथे अंगाला अंग लागेपर्यंत दाटलेले असतात, हा अर्थ पुढे लागला.

दहा वर्षं हे निरीक्षण वहीत राहिलं. रॅलेच्या कामाचा पत्ता लागल्यावर तिने जानेवारी 1891 मध्ये त्याला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्याने त्याचं भाषांतर करवून ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं, सोबत साध्यासुध्या साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढल्याची शिफारस. 12 मार्चला ते छापून आलं.

स्वयंपाकघरात विज्ञान सापडलं म्हणून ही कथा कौतुकाने सांगितली जाते, आणि तिथे मला जरा खुपतं. मोरीपाशी ती हौसेने उभी नव्हती. प्रयोगशाळा मिळाली असती तर तिने काय केलं असतं, हा प्रश्न त्या कौतुकात हरवतो. तिच्या पन्हाळ्यासारखंच, अधिक सुधारलेलं उपकरण वापरून अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूरने पृष्ठभागांचा अभ्यास केला. त्याला 1932 मध्ये नोबेल मिळालं आणि उपकरण त्याच्या नावाने रूढ झालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. ती सत्तरीची होती. तीन वर्षांनी ती गेली.

सरकती पट्टी आणि ताणाचा तराजू मात्र पुढे डॉक्टरांच्या हाती आला. फुप्फुसांतल्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्याचा ताण जसाच्या तसा राहिला, तर श्वास सोडताना कोश मिटून जातील. शरीर त्यावर साबणासारखा गुण असलेला स्निग्ध थर पसरतं, सर्फॅक्टंट. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांची, श्वास न घेता आल्यामुळे दगावलेली बाळं तपासली. त्यांच्या फुप्फुसांच्या अर्काचा ताण पृष्ठभाग आकसवूनही पुरेसा उतरत नव्हता. हे 1959 मध्ये प्रसिद्ध झालं. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन अशी बाळं वाचवता येतात हे दाखवलं. आज नवजात अतिदक्षता विभागात ते नळीवाटे थेट श्वासनलिकेत सोडतात, काही मिलिलिटर.