गाडी थांबली म्हणून

कर्जत जवळ आलं की डब्यात चुळबुळ सुरू होते. पेंगणारे सावरून बसतात, कोणी सुटे पैसे मोजतं, दारातला माणूस अर्धा बाहेर झुकलेला असतो. गाडी पुरती थांबायच्या आत वडेवाला खिडकीशी हजर. कागदात गुंडाळलेले वडे, लसणाची कोरडी चटणी, पावात दडपलेली हिरवी मिरची. हे सगळं पाच-सात मिनिटांत उरकायचं असतं, कारण तेवढ्यात गाडीच्या शेपटाला इंजिनं लागतात आणि ती घाटाकडे निघते.

गाडी कर्जतला थांबते ती आपल्या भुकेसाठी नाही. बोरघाटाचा रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. मुंबईहून आलेली गाडी तो एकट्या इंजिनाच्या जोरावर चढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. वड्याची कीर्ती या बँकरच्या पाठीवर बसून आली. या वाटेवरच्या बहुतेक प्रसिद्ध चवींचं असंच आहे. आधी गाडी कुठेतरी नाइलाजाने थांबली, मग तिथे कोणीतरी कढई ठेवली. पण गाडी थांबली की माणसं उतरून खातीलच, हे आपण आज गृहीत धरतो. सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. थांबायला कारण लागायचं तशी खायला मुभाही लागायची, आणि ती मिळवणं घाट फोडण्याइतकंच अवघड होतं.

रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला यायचा आणि तिथून पुढे रस्त्याने. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला मोठा तलाव आणि देऊळ होतं. थांबा तिथे, कारण पाणी तिथे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात घाटातून चाकाची वाहनं जातील असा रस्ता झाला, तरी जेवणाची तऱ्हा बदलली नाही. तीन दगड मांडून चूल पेटवायची आणि आपलं आपण शिजवायचं, नाहीतर शिदोरी सोडायची.

शिदोरीचंही शास्त्र होतं. पाण्यात शिजवलेलं अन्न खरकटं, ते सोवळ्याबाहेर नेता येत नाही. मग पीठ दुधात भिजवायचं: झाली दशमी. दशमी मऊ राहते, दोन-तीन दिवस टिकते, हे गुण आहेतच, पण पाणी नसल्यामुळे ती खरकटी होत नाही ही सोय मोठी होती. आज आपण प्रवासाला दशम्या नेतो आणि त्यात फक्त आजीची माया पाहतो. त्या पिठात धर्मशास्त्रातली एक पळवाटही मळलेली आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेत पाठ होतं. त्यापुढची दहा वर्षं जास्त मजेची आहेत. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. म्हणजे मुंबईहून आगगाडीने खोपोलीला यायचं, तिथे उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि वर गेल्यावर पुन्हा आगगाडीत बसायचं. पाच वर्षं हा द्राविडी प्राणायाम चालला. १८६३ मध्ये घाट पुरा झाला.

तो फोडायला १८६१ च्या सुमारास ४२ हजारांवर मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर लवकरच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. एवढ्या माणसांना स्वस्त, पोटाला आधार देणारं आणि पावसाळी हवेतही लगेच न नासणारं काहीतरी लागणारच. घाटाच्या माथ्यावर गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी रुळांवर काम करणाऱ्यांसाठी विकली जायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, ही हकीकत लोणावळ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मजूर गेले, हवा खायला येणारे आले. मजुराचं खाणं चौकोनी वड्यांत कापून, खोक्यात घालून पाहुण्याच्या हातात पडलं. आता लोणावळ्याहून चिक्की न आणता परतलेल्या माणसाकडे घरातली पोरं कशी बघतात ते सांगायला नको.

घाटातला आणखी एक थांबा आता नाहीसा झाला आहे. खंडाळ्याखाली एका कड्यावर रूळ संपायचे. तिथे इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावून गाडी उलट्या दिशेने वर जायची. त्याला रिव्हर्सिंग स्टेशनच म्हणत. १९२९ मध्ये नवी वाट झाली, विजेची इंजिनं आली आणि ते बंद पडलं. तिथला कुठलाच पदार्थ आपल्याला माहीत नाही. नुसता थांबा पुरत नाही, आजूबाजूला गावही लागतं.

आता मुभेकडे. स्टेशनांवर पाणी होतं, पण ‘हिंदू पाणी’ वेगळं आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं. उपाहारगृहंही तशीच वाटलेली. आणि ज्यांना दोन्हीकडे जागा नव्हती त्यांचं काय, याचं उत्तर १९०१ च्या एका प्रवासात मिळतं. साताऱ्याहून चार मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. मुलं नीटनेटकी, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, पण ती महार आहेत हे कळताच मागे सरला. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान सोबत चालणार, या अटीवर. मुलांकडे डबा होता. पाणी कोणी देईना. रात्री नाक्यावर गाडी सोडली, डबा उघडला, पण पाण्याशिवाय घास गिळवेना. मुलं तशीच निजली. त्यातला एक, नऊ-दहा वर्षांचा, भीमराव आंबेडकर. मराठी मुलखातल्या प्रवासाचा आणि खाण्याचा इतिहास लिहायचा तर तो न उघडलेल्या हॉटेलांचाही लिहावा लागतो.

वरच्या थरातही बाहेरचा घोट सोपा नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला बड्या मंडळींना बोलावणं गेलं. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. हा सगळा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे इरसाल गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली. यादीत टिळकही होते आणि रानडेही. पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचे बोल ऐकले. कोण कुठे गेलं, काय प्यायलं हे चारचौघांत जाहीर करण्याची हौस आपल्याकडे तेव्हापासूनची आहे, असं गमतीने म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की तेव्हा यादीत नाव आलं म्हणून लोक तोंड लपवत होते.

ही पकड ढिली झाली ती व्याख्यानांनी कमी आणि गरजेने जास्त. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा: सात घरं, आठवड्याचा एकेक दिवस एकेकीकडे. वार चुकला की उपास. पैसे देऊन जेवायची खाणावळ निघाली तेव्हा ती त्याला कमीपणाची वाटली नसणार. निदान कोणाच्या ओसरीवर मिंधं होऊन बसावं लागत नव्हतं. मुंबईत गिरण्यांमुळे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. घाटावरून आणि कोकणातून आलेले पुरुष, एका खोलीत दहा-पंधरा, बायकामुलं गावी. त्यांना रांधून घालणाऱ्या बाया गिरणगावच्या चाळीचाळींतून होत्या. महिनाभर जेवू घालायचं आणि पगार झाला की पैसे घ्यायचे. मधल्या काळात किराणा उधारीवर, आणि व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीच्या गप्पांत इराण्याचा आरसा आणि बेंटवुडची खुर्ची नेहमी येते. या बायांची चूल क्वचित येते, म्हणून इथे जरा थांबलो.

इराण्याचा वाटा नाकारायचा मात्र नाही. नाक्यावरची जागा, संगमरवरी टेबल, ब्रून मस्का आणि चहा. पुण्याच्या डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं, मुंबईचं कयानी १९०४ चं. इराण्याच्या टेबलाला गिऱ्हाइकाची जात विचारायची सवय नव्हती, आणि एका चहावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नसे. पाठोपाठ उडुपी आले. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२ मध्ये सुरू झालं. ज्यांना इराण्याकडची अंडी चालत नव्हती त्यांना इडली-डोशाने घराबाहेर काढलं. शाकाहारी, स्वच्छ, झटपट. आपल्या मंडळींनीही हॉटेलं काढली, पण नावं बघा: आरोग्य भुवन, विश्रांतिगृह, उपाहारगृह. जीभ चळली म्हणून आलो असं कोणाला वाटू नये, याची केवढी काळजी! ‘हॉटेल’ या शब्दाचा मराठीत राहण्याशी संबंध उरला नाही, तो खाण्याचाच झाला. आणि ‘हॉटेलात खातो’ हे वाक्य तरीही पुढे बरीच वर्षं घरात तक्रारीच्या सुरातच निघायचं.

वाटेवर परत येऊ. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. या गाडीने एक उलटी गोष्ट केली: स्टेशनातलं उपाहारगृहच गाडीला जोडलं. टेबलावर ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट, आणि खिडकीत घाट. सुरुवातीला ही वरच्या वर्गाची गाडी होती, तिसऱ्या वर्गाचे डबे १९५५ मध्ये आले. नोकरीसाठी पुण्याहून रोज मुंबईला जाणारा बाबू डायनिंग कारमध्ये कटलेट खाऊ लागला तो त्यानंतर. डबे बदलले, गाडीचा रंग बदलला, डायनिंग कार मात्र अजून आहे.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि थांबा ठरवण्याचा अधिकार इंजिनाकडून ड्रायव्हर-कंडक्टरकडे आला. “गाडी दहा मिनिटं थांबेल” ही घोषणा ऐकून झोपेतून उतरलेल्या माणसाला चवीची निवड नसते. एसटी जिथे थांबेल तिथली भजी आपली. खासगी मोटारी वाढल्या तेव्हा निवड आली, आणि निवड आली तशी नावं तोंडोतोंडी फिरू लागली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पळस्प्याला दत्त स्नॅक्स, खोपोलीला रमाकांतचा वडा. खोपोलीचं बघा. पेशवाईत तलावापाशी थांबायचे, १८५६ मध्ये रूळ संपले म्हणून थांबले, मोटारी आल्या तेव्हा घाट चढण्याआधी इंजिनात पाणी घालायला थांबले. कारण दर वेळी वेगळं, जागा तीच.

ती साखळी द्रुतगती मार्गाने सैल केली. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता २००२ पर्यंत पूर्ण खुला झाला. कुंपणातला रस्ता, मध्येच वाटलं म्हणून वळता येत नाही. थांबायचं ते नेमून दिलेल्या फूड मॉलमध्ये, जिथे वडा, डोसा, बर्गर आणि चिक्की एका छताखाली मिळतात आणि स्वच्छतागृहाची रांग खाण्याच्या रांगेपेक्षा लांब असते. सोय आहे, यात वाद नाही. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असलं की मीही तिथेच थांबतो. दुचाकींना मात्र द्रुतगतीवर बंदी आहे. त्यामुळे रविवारी सकाळी जुन्या रस्त्यावर हेल्मेटवाल्यांचे थवे दिसतात, आणि मिसळीची ताटं त्यांच्यासमोर येत राहतात. एका बंदीने जुना रस्ता थोडाफार जागता ठेवला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटरी आहेत, घाट चढायला तिला मागून कोणी ढकलावं लागत नाही. दादर, कल्याण, मग थेट पुणे. बंद काचेआड माणसाला बसल्या जागी ट्रे मिळतो: गरम डबी, पाण्याची बाटली, कागदाचा रुमाल. कर्जतच्या फलाटावर वड्यांची टोपली घेतलेला माणूस या गाडीसाठी उठतही नाही. मागची पॅसेंजर किती वाजता आहे ते त्याला पाठ असतं.