धर्मग्रामात प्रापंचिक आले कुठून?

कॅथोलिक चर्चमध्ये 'मिशनरी नवीकरण' आणि 'प्रापंचिकांचा सहभाग' हे शब्द हल्ली जोडीनंच ऐकू येतात. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेले साधे श्रद्धावंत. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपासून, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेपासून, सुरू केली जाते. जणू त्याआधीचे श्रद्धावंत बाकावर बसून नुसते रोझरीचे मणी ओढत होते! हे फार तर अर्धं खरं आहे. प्रापंचिक कामाला होतेच. नियमांच्या पुस्तकात मात्र त्यांना फारशी जागा नव्हती.

धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला श्रद्धावंतांचा समूह, इंग्रजीत पॅरिश. आज आपण पाहतो तो धर्मग्राम मुख्यतः सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेनं घडवला. वर्षातून एकदा आपल्या धर्मगुरूकडे पापनिवेदन आणि पास्काच्या (ईस्टरच्या) काळात ख्रिस्तप्रसाद, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनंच केला होता. ट्रेंटनं १५६३ मध्ये त्याला चौकट दिली: धर्मग्रामाच्या सीमा स्पष्ट हव्यात, तिथे कायमचा धर्मगुरू हवा, लग्न त्याच्यासमोर आणि साक्षीदारांच्या उपस्थितीत लागावं, नोंदवही नीट ठेवावी. व्यवस्था चोख होती, पण तिच्या मुळाशी एक गृहीतक होतं. हद्दीतले सगळे ख्रिस्तीच आहेत, त्यांना फक्त सांभाळायचं आहे. मिशन म्हणजे समुद्रापलीकडचं काम. तिथे जायला व्रतस्थ, म्हणजे धर्मसंघांत व्रत घेतलेले लोक, होते.

या गृहीतकाला पहिले तडे फ्रान्सच्या खेड्यांतच गेले. १६१७ च्या जानेवारीत धर्मगुरू विन्सेंट डी पॉल यांनी फोलव्हिल गावात पापनिवेदनावर प्रवचन दिलं आणि इतकी रीघ लागली की मदतीला दुसरे धर्मगुरू बोलवावे लागले. बाप्तिस्मा झालेल्या, नोंदवहीत नाव असलेल्या माणसांनाही मिशनची गरज आहे, हे त्यांना तिथे उमगलं. धर्मग्राम मिशनची प्रथा पुढे फोफावली ती यातूनच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शातियों गावात मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, तयारीत असताना त्यांना कळलं की एका घरातले सगळेच आजारी आहेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले, तर वाटेत माणसांची रांग, सगळ्यांच्या हातात खाण्याचं काहीतरी. दया भरपूर, पण तिला शिस्त नाही. आज आलेलं अन्न नासणार आणि उद्या घर पुन्हा उपाशी. म्हणून त्यांनी गावातल्या बायकांना एकत्र केलं, पाळ्या लावल्या आणि नियम लिहून काढले. धर्मग्रामातलं संघटित सेवाकार्य म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हीच पाळी येते.

पैशाच्या बाजूची गोष्ट फ्रान्समधल्या लियों शहराची. पोलिन जारिको ही तिथल्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. मिशनसाठी तिनं कामगार बायकांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी चिल्लर, गोळा करायला सुरुवात केली. दहा जणांचा एक गट, दहा गटांचे मिळून शंभर, अशी ही साखळी. १८२२ मध्ये तिची संस्था झाली तेव्हा पोलिन २२ वर्षांची होती. शंभर वर्षांनी रोमनं ती संस्था पोपच्या छत्राखाली घेतली आणि खुद्द पोलिनला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केलं ते २०२२ मध्ये.

सर्वात थक्क करणारं उदाहरण जपानचं आहे. १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, छळ झाला, धर्मगुरू संपले. नागासाकी परिसरातल्या खेड्यांनी मग धर्मगुरूविना आपली घडी बसवली. कुणी सणवार आणि उपासाचे दिवस मोजणारा, कुणी बाप्तिस्म्याचं पाणी देणारा, कुणी घरोघरी निरोप पोहोचवणारा. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी नव्यानं बांधलेल्या औरा चर्चमध्ये शिरले आणि फ्रेंच धर्मगुरू पतिजाँ यांना हळूच विचारू लागले, मारियामातेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षं तीन साध्या जबाबदाऱ्यांवर श्रद्धा टिकली होती.

इतकं असूनही १९०६ मध्ये पोप दहावे पायस फ्रान्सला उद्देशून लिहितात की लोकसमुदायाचं कर्तव्य एकच, मेंढपाळांच्या मागे मुकाट चालणं. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, प्रापंचिकांवरचा भाग छोटासा, त्यातलाही बराचसा त्यांच्या मंडळांबद्दल. पोप अकराव्या पायसनी 'कॅथोलिक ॲक्शन' या प्रापंचिकांच्या संघटित कार्याला बळ दिलं, पण त्याची व्याख्या होती धर्माधिकाऱ्यांच्या प्रेषितकार्यात, म्हणजे श्रद्धा पोहोचवण्याच्या कामात, भाग घेणं. काम त्यांचं, हातभार तुमचा. बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ मध्ये तरुण कामगारांची चळवळ उभी केली, तिचा सूर वेगळा होता: पाहा, पारखा, कृती करा. कारखान्यातलं काय पाहायचं हे धर्मगुरू थोडाच सांगणार?

१९४३ मध्ये आंरी गोदँ आणि इव्हाँ दानियेल या दोन धर्मगुरूंनी थेट विचारलं, फ्रान्स हाच आता मिशनचा प्रदेश झाला आहे का? कामगार वस्त्यांत चर्च उभं होतं, त्याच्याशी नातं उरलं नव्हतं. पुढच्या दशकात ब्राझीलच्या बारा दो पिराई धर्मप्रांतात एका म्हातारीनं बिशपांकडे गाऱ्हाणं मांडलं. नाताळच्या रात्री गावातली प्रोटेस्टंट चर्च उजळलेली, आणि आपलं बंद, कारण धर्मगुरू नाही. बिशप आन्येलो रोस्सी यांनी मग प्रापंचिक धर्मशिक्षक तयार केले. लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या ख्रिस्ती समूहांचा एक उगम इथे सापडतो.

त्यामुळे विश्वपरिषदेनं प्रापंचिकांचा शोध लावला असं मी म्हणणार नाही. तिनं क्रम बदलला. ख्रिस्तसभेवरच्या, म्हणजे चर्चवरच्या, तिच्या १९६४ च्या दस्तऐवजात 'देवाची प्रजा' हे प्रकरण धर्माधिकाऱ्यांच्या प्रकरणाआधी आणलं गेलं. बाप्तिस्मा हाच प्रेषितकार्याचा परवाना ठरला. पुढे १९७२ मध्ये वाचक (उपासनेत बायबल वाचणारा) आणि वेदीसेवक ही सेवापदं प्रापंचिक पुरुषांना खुली झाली, स्त्रियांना २०२१ मध्ये. प्रत्यक्षात स्त्रिया कित्येक वर्षं वाचन करतच होत्या.

२०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की धर्मग्राम ही कालबाह्य संस्था नाही, पण तिचा सगळा कारभार मिशनकडे वळला पाहिजे. २०२० च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात हीच भाषा होती. नेतृत्व मात्र धर्मगुरूकडेच राहील हेही त्यात ठणकावलेलं होतं. काही जर्मन बिशपांनी त्यावर उघड नाराजी दाखवली.

खरी मेख १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थपरिषद असायलाच हवी. आधीच्या कलमातली प्रेषितीय परिषद, म्हणजे धर्मग्रामाच्या धर्मकार्याचा विचार करणारी, मात्र बिशपांना योग्य वाटली तरच. म्हणजे पैशासाठी सक्ती, मिशनसाठी मर्जी. आणि दोन्हींचा अधिकार सल्ल्यापुरता. ऑक्टोबर २०२४ च्या सिनडनं (रोममधल्या बिशपांच्या सभेनं), ज्यात प्रापंचिक स्त्री-पुरुषांनीही मतदान केलं, अशा परिषदा अनिवार्य कराव्यात असा आग्रह धरला आणि संहितेतले 'केवळ सल्ला' हे शब्दही पुन्हा तपासायला सांगितले.